न पाहिलेल्या सिनेमावरचा माझा अभिप्राय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलांच्या ज्या गाण्यांच्या सिनेमाला मी सरकारी कागदावर ‘सहकुटुंब पाहण्यास योग्य नाही’ असं लिहून दिलं, तो सिनेमा मी पाहिलेला नव्हता. अगदीच नव्हता असंही नाही. सुरुवातीची वीसेक मिनिटं पाहिली. त्यातली चार-पाच नावांच्या पाट्यांत गेली. पाट्या मात्र सगळ्या वाचल्या. लिपिकाला लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. हलणाऱ्या चित्रांचं तसं काही नसतं.

आत्ताच हे काढायचं कारण माझी मुलगी. ती शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या पोरांना एका सिनेमाला न्यायचं चाललं होतं, असाच नाचगाण्यांचा, मुलांचा. नेऊ की नको, एवढाच तिचा प्रश्न. बायको मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “बाबांना विचार की. त्यांनी सरकारात सिनेमे तपासलेत. ते म्हणतील ते बरोबर असतंय.”

सिनेमे, म्हणे. एकच होता. आणि तोही वीस मिनिटं.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेहून ट्रकांतून फायली आल्या, लाकडी कपाटं आली, पाय मोडलेल्या खुर्च्या आल्या, साहेब लोक आले. पाऊस तेवढा आला नाही. जिल्हा नवा कोरा होता आणि दुष्काळ जुनाच, पण कचेरीत दुष्काळ म्हणायची बंदी होती. ‘टंचाईसदृश परिस्थिती’ असं लिहायचं. मी नांदेडच्या कचेरीतून बदलून आलो होतो. अक्षर चांगलं आणि तोंड बंद, या दोन गुणांवर मला करमणूक शाखेत बसवलं. लोक हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे पळत होते आणि आम्ही जिल्ह्याच्या करमणुकीची व्यवस्था पाहत होतो. कुणीतरी पाहायलाच हवी होती.

लग्नाला चार महिने झाले होते. बायको नांदेडची. तिच्या माहेरच्या घराची मागची भिंत आणि एका टॉकीजची मागची भिंत, मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच बोळ. लहानपणापासून टॉकीजमधला प्रत्येक सिनेमा तिनं ऐकला होता. पाहिला एकही नव्हता. तिच्या घरात बायकांनी सिनेमाला जायची रीत नव्हती, आणि ऐकू येण्यावर कुणाचा इलाज नव्हता. त्यामुळे तिला गाणी पाठ, भांडणं पाठ, कोण कुठल्या वेळी रडतं ते पाठ. चेहरे कुणाचेच माहीत नाहीत. लग्न ठरल्यावर चार माणसांदेखत तिला माझ्याशी बोलायला बसवलं, तेव्हा तिनं विचारलेला एकमेव प्रश्न असा होता, “लातुरात टाकीज हाय का?” मी म्हणालो, आहे, तुला पहिल्या महिन्यात नेतो.

पहिल्या महिन्यात अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरकडच्या आमच्या गावातली विहीर तळाला गेली, तसे ते गळ्यातलं लिंग, पूजेची पिशवी आणि आपली मतं घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. सिनेमा म्हणजे तमाशाच, फक्त अंधारात, असं त्यांचं मत. सुनेनं तिथे जायचं नाव काढणंही अवघड होतं. तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. न काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशात टॉकीजच्या मालकाचा अर्ज आला. मुलांचा एक सिनेमा आणतोय, त्याला कचेरीनं शिफारस द्यावी, म्हणजे शाळा येतील, घरची माणसं येतील. सेन्सॉरनं तो केव्हाच पास केला होता. पण मुंबईचं मत मुंबईला. नव्या जिल्ह्याला स्वतःचं मत पाहिजे की नको? म्हणून समिती नेमली. आमचे साहेब, एक निवृत्त हेडमास्तर आणि कापडाचे एक प्रतिष्ठित व्यापारी. अभिप्राय लिहायला मी.

संध्याकाळी घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. सिनेमाचं नाव ऐकलं आणि तिचा हात परातीतच थांबला. तो सिनेमा आमच्या लग्नाआधी नांदेडला त्याच टॉकीजमध्ये कितीतरी आठवडे चालला होता.

“त्यात ते पाण्यातलं गाणं हाय बघा,” ती म्हणाली. “ते संपलं की समदं थेटर चूप होतं. सिनेमा बी चूप, माणसं बी चूप. एक भाकर थापून, तव्यावर टाकून, पलटेपर्यंत चूप. मी मोजलेलं हाय. आणि मंग समदे एकदम हसतात. लेकरं टाळ्या पिटतात.”

“त्या वेळी काय होतं?” मी विचारलं.

“तेच तर. बोलत न्हाईत ना कुणी. भिंतीतून काय कळणार? मला तेवढंच पाहायचं हाय. बाकी सिनेमा मला येतो.”

अप्पा आतून ऐकत होते. माळ ठेवून बाहेर आले.

“सरकार लिहून देणार हाय का, समद्या घरानं मिळून बघा म्हणून?”

“योग्य वाटला तर.”

“मंग सरकारपुढं मी कोण? दिलं लिहून तर घेऊन जा तिला.” थोडं थांबून म्हणाले, “मी बी येतो. उगं सून एकटी कशाला.”

मी सोबत असताना ती एकटी कशी, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी ठेवणीतलं धोतर धुतलं. त्या दिवसांत, अर्धी बादली पाणी घालून. बायकोनं लग्नातली हिरवी साडी घडी मोडू नये म्हणून गादीखाली ठेवली. त्या घरात सिनेमाला जायचं ठरून गेलं होतं. राहिली होती फक्त माझी एक ओळ.

खेळ गुरुवारी सकाळी अकराला, फक्त समितीसाठी. निघताना बायको म्हणाली, “आज टँकरचा वार हाय. मी भरते पाणी. तुम्ही त्याची फिकीर करू नका. नीट बघा, शेवटपर्यंत.”

टॉकीजमध्ये आम्ही चौघं आणि बॅटरी धरलेला डोअरकीपर. सिनेमा सुरू झाला. एका वस्तीवरची पोरं, त्यांचा एक मास्तर, एक कुत्रं. दहाव्या मिनिटाला पोरं तलावात उतरली आणि गाणं लागलं. काय ते पाणी. पोरं ओंजळींनी उडवत होती, बादल्यांनी ओतत होती, एकानं तर कुत्र्याला अंघोळ घातली. बाहेर अख्खं शहर टँकरकडे डोळे लावून बसलेलं आणि आत कुत्र्याची अंघोळ. व्यापारी माझ्याकडे झुकून म्हणाले, “लई पाणी उधळायलेत हो.” एवढा अभिप्राय देऊन ते पूजेची वेळ झाली म्हणून उठले. तेवढ्यात शिपाई आला. साहेबांना टंचाईच्या बैठकीला बोलावलं होतं. जाताना साहेब म्हणाले, “तुम्ही आहात ना? बघून घ्या.” हेडमास्तर तेवढे राहिले. ते पाट्या संपायच्या आतच झोपले होते.

म्हणजे जिल्ह्याच्या वतीनं सिनेमा पाहणारा मी एकटाच उरलो.

गाणं संपत आलं तसा बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी उठलो. डोअरकीपर दारापाशीच होता. म्हणाला, “आत्ता कामून जायलात साहेब? आत्ता तर येतंय. पाचच मिनिटं बसा.”

“टँकर आलाय,” मी म्हणालो.

पाण्याच्या नावापुढे त्या वर्षी कुणी काही बोलत नसे. त्यानं पडदा बाजूला केला.

इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा हेच सांगत आलो की मी पाण्यासाठी उठलो. नवी बायको उन्हात घागरी उचलणार, म्हणून जिल्ह्याचं काम टाकून धावलो. ऐकायला किती चांगलं वाटतं. खरं असं आहे की मी टॉकीजजवळच्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ती रांगेत होती. दोन घागरी भरून झाल्या होत्या, तिसरी नळीखाली होती, शेजारणीशी काहीतरी बोलून हसत होती. तिनं मला पाहिलं नाही. तिला माझी गरज नव्हती. मी मागे वळलो, आणि टॉकीजमध्ये न जाता समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो.

का, ते सांगतो. मोकळ्या थिएटरात एकट्यानं बसून पोरांचा नाच पाहायची मला लाज वाटली. पंचविशीतला सरकारी माणूस मी. हॉटेलात कचेरीतले दोघे बसले होते आणि नव्या जिल्ह्यात कुणाची कुठल्या टेबलावर वर्णी लागणार ते बोलत होते. हॉटेलात पाटी होती, ‘पाणी मागू नये’. आम्ही चहा मागितला. नंतर परत मागितला. ते बोलणं मला त्या दिवशी फार महत्त्वाचं वाटलं. त्यातलं एक वाक्यही आज आठवत नाही.

सिनेमा सुटायच्या सुमाराला आत गेलो. दिवे लागले होते. हेडमास्तर डोळे चोळत म्हणाले, “छान होता. बोधप्रद होता.” डोअरकीपरनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडक्या उघडायला गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अभिप्राय मागितला. मी आधी ‘योग्य आहे’ असा कच्चा मजकूर केला होता. मग भीती वाटली. शिफारस केली आणि पुढच्या दीड तासात काही भलतंच असलं तर? एखादा म्हणाला, कुठल्या गाढवानं पास केला? माझं नाव खाली. आणि नको म्हटलं तर? नको म्हटल्यामुळे कचेरीत कुणाचं काही वाकडं झाल्याचं मी तेव्हाही ऐकलं नव्हतं आणि निवृत्तीला टेकलो तरी अजून ऐकलेलं नाही. व्यापाऱ्यांनी कारण तर दिलेलंच होतं. मी सुंदर अक्षरात लिहिलं: ‘सदर चित्रपटात पाण्याचा अपव्यय ठळकपणे दाखविला असून, प्रस्तुत टंचाईसदृश परिस्थितीत त्याचा बालमनावर व जनमानसावर अनिष्ट परिणाम संभवतो. सबब चित्रपट सहकुटुंब पाहण्यास योग्य वाटत नाही.’

साहेबांनी सही केली. व्यापाऱ्यांनी दुकानात गज बाजूला ठेवून सही केली. हेडमास्तरांनी ‘सबब’च्या पुढे स्वल्पविराम घातला आणि सही केली. म्हणाले, “मुद्देसूद झालंय.” सिनेमा कुणीच पाहिलेला नसल्यामुळे समितीत मतभेद झाला नाही.

टॉकीजचा मालक दुपारी आला. रागावलेला नव्हता, चक्रावलेला होता. “साहेब,” तो म्हणाला, “ते पाणी काय लातूरचं हाय का? कुठल्या तरी धरणात शूटिंग केलेलं आसंल. आपल्या बोअरचं एक थेंब गेलं न्हाई त्यात.” मी म्हणालो, समितीचा निर्णय आहे. तो म्हणाला, “आन् कुत्र्याचं तेवढं कापलं तर?” मी म्हणालो, तशी तरतूद नाही. आठवड्याभरात त्यानं सिनेमाच्या पेट्या सोलापूरकडे रवाना केल्या.

हे सगळं विनोदीच आहे. मी कचेरीत हसूही शकलो असतो. घरी सांगायचं होतं तो भाग निराळा.

संध्याकाळी दोघंही वाट पाहत होते. आदल्या दिवशी मी ‘साहेब ठरवतील’ म्हणून वेळ मारून नेली होती. आता म्हणालो, “नाही जमत. घरच्यांनी पाहण्यासारखा नाही.”

“का बरं?” हे अप्पांनी विचारलं. बायको चुलीपाशी होती, तिनं नुसतं वळून पाहिलं.

पाण्याचं कारण सांगायला हवं होतं. कागदावर तेच होतं. पण अप्पांच्या धुतलेल्या धोतरापुढे ते सांगायला जीभ वळेना. ते हसले असते, आणि म्हणाले असते, एवढंच ना, चला. मग मी नंतरचं पाहिलं होतं की नाही हे निघालं असतं. म्हणून मी एक प्रसंग तयार केला. जागच्या जागी, उभ्या उभ्या.

“त्या गाण्यानंतर,” मी म्हणालो, “तो पोरगा बापाच्या अंगावर धावून जातो. हात उगारतो. पोरांनी काय शिकावं त्यातून?”

अप्पांनी मान हलवली. “मंग न्हाई,” म्हणाले, आणि आत गेले.

बायकोनं तव्यावरची भाकर पलटली. मग म्हणाली, “आणि मंग लोकं हसायचे कसे?”

“कोण?”

“नांदेडला. ते चूप झाल्यावर हसायचे ना समदे. लेकरं टाळ्या पिटायची. पोरानं बापावर हात उचलल्यावर हसतात का?”

तिनं भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. एवढी वर्षं भिंतीला कान लावून ती जे काही समजून बसली होती, त्याच्याशी हे जुळत नव्हतं. मी अजूनही मागे फिरू शकलो असतो. मी काय म्हणालो ते लिहितो. “तुमच्या नांदेडची माणसं. हसतात कशालाही.”

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं गादीखालची साडी काढून ट्रंकेत ठेवली. ते पाण्यातलं गाणं ती काम करताना गुणगुणत असे, भांडी घासताना तर नेहमी. त्या दिवसानंतर ते मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. टॉकीजचं नावही तिनं कधी काढलं नाही. पुढे मीच दोनदा विचारलं, अप्पा गेल्यावर. दोन्ही वेळा म्हणाली, “राहू द्या. आपण समजतो एक आणि आसतं दुसरंच.”

माझी पत मात्र वाढली. गल्लीतल्या बाया तिला विचारायला यायच्या, अमका सिनेमा पोरांना दाखवण्यासारखा आहे का, आणि ती मला विचारायची. मी कपाळाला आठ्या घालून हो किंवा नाही म्हणायचो. बहुतेक वेळा नाही. मुलगी मोठी झाली तसा घरातला टीव्हीही माझ्या आठ्यांवर चालू-बंद व्हायचा. न पाहता मत देण्याचा मला इतका सराव झाला की पाहून मत देणारी माणसं मला जरा उथळच वाटू लागली.

तो सिनेमा मी नंतर शोधला. टीव्हीवर कधी लागला नाही, कॅसेटच्या दुकानदारांनी नाव ऐकून खांदे उडवले. मुलीला सांगून कंप्युटरवरही पाहिलं, कारण न सांगता. एक जुनं पोस्टर सापडलं, त्यावर ते कुत्रं होतं. लातूरचं ते टॉकीज पाडून तिथे दुकानं झाली. डोअरकीपर एकदा बसस्टँडवर भेटला, रेणापूरच्या गाडीची वाट पाहत होता. मी ओळख दिली आणि विचारलं, त्या गाण्यानंतर काय होतं?

तो बराच वेळ आठवत राहिला. “रोजचे चार खेळ बघायचो साहेब,” तो म्हणाला. “कोणचा सिनेमा कोणचा, काय ध्यानात राहातंय? पर तुम्ही तर बघितलावता की. तपासायला आलतात ना तुम्हीच?”

गाडी लागली आणि तो गेला.

तर मुलीचा प्रश्न. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, बायको मेथी निवडत होती. कपाळाला आठ्या आपोआप पडल्या. मग मी म्हणालो, “मला माहीत नाही. मी तो पाहिलेला नाही.” तीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. मुलगी हसली, म्हणाली, “मग मीच बघून येते आधी.” बघून आली, आणि पोरांना घेऊन गेली. बायकोलाही चल म्हणत होती. ही म्हणाली, “मला कशाला? मला काही कळत न्हाई त्यातलं.”

जिला अख्खा सिनेमा भिंतीपलीकडून यायचा, ती हे म्हणाली. आणि तिला तसं वाटायला मी लावलं.

ती सगळं वाचते, वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा. हेही वाचेल, म्हणून तिच्यासाठी सरळ लिहितो. त्या पोरानं बापावर हात उगारला नव्हता. निदान मी तसं काही पाहिलेलं नाही. तू जे समजत होतीस ते बरोबर असेल. त्या गप्प वेळात काय होतं, हे मला माहीत नाही. ते शोधून तुला सांगणं, आणि तुझ्या शेजारी बसून एक सिनेमा पहिल्या पाटीपासून दिवे लागेपर्यंत पाहणं, एवढं मी तुझं देणं लागतो.